ऑटिझम असताना गाडीचं लायसन्स मिळतं का?

माझी भाची अठरा वर्षांची झाली त्या आठवड्यात तिने ताईच्या हातात वहीचा एक कागद दिला. त्यावर तीन ओळी होत्या. वय पूर्ण झालं. आधार कार्डावरचा पत्ता बरोबर आहे. मला लर्निंग लायसन्स काढायचं आहे. ताईने तो कागद दोनदा वाचला आणि मला फोन लावला. भाची ऑटिस्टिक आहे. तिला गाडी चालवायची परवानगी मिळते की नाही, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

मग विचारपूस सुरू झाली. एका मोटार ट्रेनिंग स्कूलने "अशा मुलांना मिळत नाही" एवढं सांगून फोन ठेवला. एक एजंट म्हणाला, "सर्टिफिकेट कुठं दाखवू नका, बाकी मी बघतो." दोन्ही उत्तरं चुकीची होती, हे पुढे कायदा वाचला तेव्हा कळलं. मुलगा किंवा मुलगी अठराची झाली की अनेक घरांत हाच प्रश्न येतो आणि अशीच ऐकीव उत्तरं मिळतात. म्हणून जे वाचलं आणि कोल्हापूरच्या रस्त्यांवर तिला शिकवताना जे समजलं, ते इथे मांडतो आहे.

ऑटिझम, रस्त्यापुरता

ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात. हा मेंदूच्या जडणघडणीतला जन्मजात फरक आहे. तो संसर्गाने होत नाही आणि औषधाने जातही नाही. आवाज, उजेड, स्पर्श फार तीव्र जाणवणं किंवा फारच कमी जाणवणं, समोरच्याच्या मनातलं त्याच्या चेहऱ्यावरून चटकन न उमगणं, ठरलेल्या क्रमात बदल झाला की त्रास होणं, अशा गोष्टी त्यात येतात. पण कुणात काय आणि किती, हे माणसागणिक इतकं बदलतं की एकाला बघून दुसऱ्याबद्दल अंदाज बांधता येत नाही. कुणी अजिबात बोलत नाही, कुणी इंजिनीअर होऊन नोकरी करतो. म्हणून "ऑटिस्टिक माणूस गाडी चालवू शकतो का" याला एक उत्तर नाही. "हा माणूस चालवू शकतो का" एवढंच विचारता येतं, आणि आपला कायदाही तेच विचारतो.

कायद्यात काय लिहिलंय

मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. लायसन्स कुणाला नाकारायचं याची त्यातली कसोटी आजाराच्या नावावर ठरत नाही, धोक्यावर ठरते. कलम ८ चा आशय असा: अर्जदाराचा आजार किंवा अपंगत्व असं असेल की त्याच्या गाडी चालवण्याने लोकांना किंवा प्रवाशांना धोका व्हावा, तर लर्निंग लायसन्स द्यायचं नाही.

अर्जासोबत नमुना १ भरावा लागतो. आपल्या प्रकृतीबद्दल आपण स्वतः केलेलं ते घोषणापत्र. फिट येते का, अचानक शुद्ध हरपते का, दिवसाउजेडी २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, रातांधळेपणा आहे का, असे थेट प्रश्न त्यात आहेत. ऑटिझमचं नाव कुठेही नाही. शेवटी एक मोकळा प्रश्न येतो: तुमच्या गाडी चालवण्याने लोकांना धोका होईल असा आणखी काही आजार किंवा अपंगत्व आहे का? त्या प्रश्नाकडे पुढे येतो.

खासगी गाडीसाठी तरुण अर्जदाराला डॉक्टरचा दाखला जोडावा लागत नाही, घोषणापत्र पुरतं. रिक्षा, टॅक्सी, टेम्पो अशा व्यावसायिक वाहनांना मात्र दाखला लागतो. ही कसोटी काळाबरोबर सैलही होत आली आहे. दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०११ च्या निर्णयाने कर्णबधिर व्यक्तींची वाट मोकळी झाली, आणि जून २०२० मध्ये केंद्र सरकारने सौम्य ते मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांनाही लायसन्स देण्याची तरतूद केली. दोन्ही वेळा प्रश्न एकच होता: हा माणूस गाडी सुरक्षित चालवतो का?

अनेक पालकांना दुसरीच भीती असते. मुलाकडे अपंगत्वाचा दाखला आहे, यूडीआयडी कार्ड म्हणजे सरकारचं दिव्यांग ओळखपत्र आहे, आता लायसन्स मागितलं तर एकामुळे दुसरं जाईल का? दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, त्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम येतो. पण तो दाखला आणि लायसन्स यांत कायद्याने विरोध नाही. आपल्याकडे दाखला देताना जी मोजपट्टी वापरतात तिच्यात ४० मुद्दे आहेत. ते सामाजिक संबंध, भावनिक प्रतिसाद, भाषा, वागण्याच्या सवयी, संवेदना आणि आकलन यांबद्दलचे आहेत. ब्रेक वेळेवर लागतो का, हे त्यात कुठेही मोजलेलं नसतं.

आणि नकार मिळालाच तर तो तोंडी घेऊन घरी यायचं नाही. कलम १७ प्रमाणे कारणं लेखी द्यावी लागतात आणि त्यावर ३० दिवसांत अपील करता येतं.

मग त्या मोकळ्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं?

खरं तेच. पण खरं काय आहे हे आधी नीट समजून घ्यायला हवं. प्रश्न "तुम्हाला ऑटिझम आहे का" असा नाही, "धोका होईल असं काही आहे का" असा आहे. त्या व्यक्तीला वर्षानुवर्षं ओळखणाऱ्या डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. त्यांचं मत ऑटिझममुळे गाडी चालवण्यात धोका नाही असं असेल, तर "नाही" हे प्रामाणिक उत्तर आहे. धोका आहे असं ते म्हणाले तर अर्ज थांबवा. एजंटचं "लपवा" आणि हे "नाही" कागदावर सारखंच दिसतं, पण एकामागे विचारपूस आहे आणि दुसऱ्यामागे नाही.

ब्रिटनमध्ये याच मुद्द्यावर मार्च २०१९ मध्ये मोठा गोंधळ झाला. तिथल्या लायसन्स खात्याने वेबसाइटवर मजकूर बदलला आणि ऑटिझम असलेल्या प्रत्येकाने खात्याला कळवलंच पाहिजे, असा त्याचा अर्थ निघू लागला. लोकांनी आवाज उठवल्यावर तो मागे घेतला गेला. ऑटिझमचा सुरक्षित गाडी चालवण्यावर परिणाम होत असेल तरच कळवायचं, हा तिथला नियम आहे.

दोन गोष्टी मात्र अजिबात दडवायच्या नाहीत. पहिली फिट. ऑटिस्टिक लोकांमध्ये अपस्माराचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं, आणि नमुना १ मधला पहिलाच प्रश्न त्याबद्दलचा आहे. दुसरी औषधं. वागणूक शांत राहावी म्हणून दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनी पेंग येते. गोळी किती वाजता घ्यायची आणि गाडी किती वाजता काढायची, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

स्टिअरिंगमागे अडतं कुठे

स्वयंपाकघरात पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या मुलाला आठवा. फोडणी करपायला लागली, कुकरची तिसरी शिट्टी झाली, तव्यावरची पोळी उलटायची आहे आणि दारावरची बेल वाजते. यातलं प्रत्येक काम त्याला येतं. चारही एकदम आली की हात थांबतो. क्लच, गिअर, आरसा, इंडिकेटर आणि समोरून आडवी आलेली मोटारसायकल यांचं तसंच आहे. बहुतेकांना ही जुळणी काही आठवड्यांत अंगवळणी पडते. पुष्कळ ऑटिस्टिक लोकांना ती वेगळी काढून, सुटी सुटी शिकावी लागते.

यावर सगळ्यात मोठा दिलासा म्हणजे ऑटोमॅटिक गाडी. आपल्याकडे दुचाकीला गिअरची आणि बिनगिअरची असे वेगळे प्रकार लायसन्सवर असतात. कारच्या लायसन्सवर तसा भेद नाही. म्हणजे ऑटोमॅटिक कार शिकून त्याच गाडीवर परीक्षा दिली तरी मिळणारं लायसन्स तेच. आम्ही पहिले दोन महिने गिअरच्या गाडीवर फुकट घालवले. चढाला हाफ क्लचवर गाडी धरायची वेळ आली की तिचं सगळं लक्ष डाव्या पायात जायचं आणि रस्ता दिसेनासा व्हायचा. ऑटोमॅटिक मिळाल्यावर तीच मुलगी पंधरा दिवसांत आरसा न सांगता बघायला लागली.

दुसरं अडतं ते आवाज आणि उजेडापाशी. लग्नाच्या वरातीत, डीजेच्या भिंतीला टेकून उभं राहून बत्तीसचा पाढा म्हणायचा, अशी कल्पना करा. मागच्या बसचा हॉर्न तिला तसा लागतो. इथे उपाय साधे निघाले. काचा बंद, एसी चालू, रेडिओ बंद, गाडीत कुणी बोलायचं नाही. पट्टा मानेला घासायचा, त्यावर मऊ कव्हर घातलं. आरशाला टांगलेली सुगंधी बाटली काढून टाकली, कारण त्या वासाने तिला मळमळायचं आणि ती ते सांगत नव्हती. ते कळायला आम्हाला तीन आठवडे लागले. रात्रीच्या अप्परचा झोत तिला सहन होत नाही, म्हणून अंधार पडल्यावर ती अजूनही गाडी काढत नाही.

रस्त्याचे न लिहिलेले नियम

यावर जरा थांबतो, कारण आपल्या देशात खरी अडचण ही आहे.

पंगतीत बसलेल्या परक्या पाहुण्याचं काय होतं बघा. जेवायला कधी सुरुवात करायची, नको म्हटलेलं खरंच नको आहे की आग्रहाची वाट बघायची, आधी कोण उठणार, हे कुठे लिहिलेलं नसतं. आपण लहानपणापासून बघून शिकलेलो असतो. आपला रस्ता अशीच एक भलीमोठी पंगत आहे. सिग्नलचे आणि पाट्यांचे नियम भाचीने चार दिवसांत पाठ केले. लर्निंगच्या परीक्षेत पास व्हायला साठ टक्के पुरतात, तिचा एकही प्रश्न चुकला नाही. पण पहाटे रंकाळ्याभोवती सराव करून एकदा मोठ्या रस्त्याला लागलो, तेव्हा तिने गाडी कडेला घेतली आणि विचारलं, "मामा, समोरच्याने डिपर मारला म्हणजे मी जायचं की थांबायचं?"

मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं की माझ्याकडे उत्तर नाही. एखादा डिपर मारतो, म्हणजे हेडलाइट लुकलुकवतो, तो "मी येतोय, तू थांब" म्हणून. अरुंद पुलावर थांबून दुसरा मारतो तो "तू ये" म्हणून. कधी तो "पुढे पोलीस आहेत" असा असतो, कधी "तुझा अप्पर खाली घे" असा. मी वीस वर्षं गाडी चालवतोय, दर वेळी बरोबर ओळखतो, आणि कसं ओळखतो ते मला सांगता येत नव्हतं.

त्या रात्री आम्ही दोघांनी वही काढली. प्रत्येक खुणेचे सगळे अर्थ लिहायचे आणि मग कोणताही अर्थ असला तरी चालेल असा एकच नियम ठरवायचा. डिपरचा नियम ठरला: समोरून डिपर आला की मी थांबणार, समोरची गाडी पूर्ण उभी राहिली आणि हाताने जा म्हणाली तरच मी जाणार. ट्रकच्या उजव्या इंडिकेटरचे दोन अर्थ: तो उजवीकडे वळतोय, किंवा तो मला ओव्हरटेक कर म्हणतोय. एका अर्थाने पुढे गेलं आणि दुसरा खरा निघाला तर जीव जाईल. म्हणून नियम: इंडिकेटर बघून ओव्हरटेक नाही, रिकामा रस्ता स्वतःला दिसला तरच. हात वर करून रस्त्यात उतरणारी बाई थांबणार नाही, असंच धरायचं. शाळेच्या आसपास रस्त्यावर चेंडू आला की मागे मूल आहे.

आमच्या भागात साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन, मागचा दिवा उसात बुडालेला. वहीत त्यांना स्वतंत्र पान आहे.

वहीतलं सगळ्यात उपयोगी वाक्य तिनेच लिहिलं. उलट्या बाजूने येणारी मोटारसायकल दिसली की ती सुरुवातीला थिजायची. तो चुकीचा आहे, त्याने तिथे असायलाच नको, यावरच तिचं मन अडकायचं. बऱ्याच दिवसांनी तिने वहीत लिहिलं: "काही लोक नियम मोडतील, हा नियम आहे." त्यानंतर उलटा येणारा माणूस तिच्या लेखी अपवाद राहिला नाही. तोही अपेक्षित यादीत आला, आणि पाय ब्रेकवर वेळेवर जायला लागला.

मला वाटतं, ऑटिस्टिक माणसाला गाडी शिकवणं म्हणजे बहुतांशी हेच काम आहे: आपण न सांगता शिकलो ते शोधायचं आणि लिहून काढायचं.

"पण अपघात झाला तर?"

ताईचा आणि दाजींचा हाच प्रश्न होता, आणि तो रास्त आहे. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात, जिथे आपली मराठी माणसं मोठ्या संख्येने राहतात, यावर चांगला अभ्यास झाला आहे. फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयातल्या संशोधकांनी तिथल्या आरोग्याच्या आणि लायसन्सच्या नोंदी जोडून पाहिल्या. बौद्धिक अक्षमता नसलेल्या ऑटिस्टिक तरुणांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांनी २१ व्या वर्षापर्यंत लायसन्स मिळवलं होतं. २०२१ मध्ये त्यांनी पुढचा भाग प्रसिद्ध केला: नव्याने लायसन्स मिळालेल्या ऑटिस्टिक चालकांचे अपघात इतर नवख्यांपेक्षा जास्त नव्हते. नियम मोडल्याच्या नोंदी आणि लायसन्स निलंबित होण्याचं प्रमाण तर कमी होतं. अतिवेगामुळे होणारे अपघात जवळपास निम्मे होते.

पण एका ठिकाणी ते जास्त अडखळत होते: डावीकडे वळताना आणि यू-टर्न घेताना. अमेरिकेत गाड्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे तिथलं डावं वळण म्हणजे आपलं उजवं. समोरून येणाऱ्या गाड्यांमधून फट शोधून, त्यांच्या चालकांचा इरादा ओळखून वळायचं. नेमकं तेच अवघड जातं.

या आकड्यांचा एक अर्थ काढायचा नाही. हे त्या एक तृतीयांश लोकांबद्दल आहेत ज्यांनी शिकून, परीक्षा देऊन लायसन्स मिळवलं. प्रत्येक ऑटिस्टिक तरुणाला लगेच किल्ली द्या, असं ते सांगत नाहीत. शिवाय न्यू जर्सीच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली नसते.

शिकवणारा कसा असावा, परीक्षेला काय करावं

नियमाप्रमाणे कार शिकवण्याचा कोर्स किमान २१ दिवसांचा आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान १० तास असा असतो. ऑटिस्टिक शिकाऊ माणसाला एवढ्यात भागेल असं धरू नका. बऱ्याच स्कूलमध्ये मागच्या सीटवर आणखी दोघं-तिघं बसलेले असतात आणि क्लच-ब्रेक शेजारचे सरच दाबत असतात. शिकणाऱ्याला वाटतं मी चालवतोय. तेव्हा फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: मागे इतर कुणी नको, रोज तेच सर आणि तीच गाडी, आणि एका वेळी एकच सूचना. आम्हाला चौथ्या ठिकाणी असे सर भेटले. "पुढे जरा बघून घे" असं ते म्हणायचे नाहीत. "दुसऱ्या खांबापाशी वेग वीस" असं म्हणायचे. घरच्यांनी शिकवायचं तर शेजारी बसणाऱ्याकडे पक्कं लायसन्स हवं आणि गाडीला पुढे-मागे लाल अक्षरातला एल हवा.

महाराष्ट्रात जून २०२१ पासून आधारवर लर्निंगची परीक्षा घरूनच ऑनलाइन देता येते. गर्दी आणि ट्यूबलाइटची घरघर ज्यांना सोसत नाही, त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे. लर्निंग सहा महिने चालतं. आम्हाला नऊ महिने लागले, म्हणजे मध्ये ते दुसऱ्यांदा काढावं लागलं. त्यात कमीपणा काही नाही.

पक्क्या लायसन्सची परीक्षा लर्निंगनंतर ३० दिवसांनी देता येते. आधी एकदा नुसतं जाऊन जागा बघून या. गाड्या कुठे रांगेत लागतात, इन्स्पेक्टर कुठे उभे असतात, ट्रॅक कुठे सुरू होतो, याचे फोटो काढण्याची परवानगी मिळाली तर काढा. दिव्यांग हक्क कायद्यात "वाजवी सोय" अशी कल्पना आहे: समोरच्या संस्थेवर अवाजवी भार न टाकता गरजेपुरता बदल करून देणं. त्या आधारावर साधा अर्ज लिहा. सकाळची पहिली वेळ मिळावी, सूचना एकेक आणि स्पष्ट द्याव्यात, एवढंच मागा. परीक्षा सोपी करा असं मागायचं नाही. ती तितकीच कठीण राहिली पाहिजे.

नापास झालं तर सात दिवसांनी पुन्हा देता येते. तीनदा नापास झालं तर ६० दिवस थांबावं लागतं. भाची पहिल्यांदा नापास झाली. गाडी तिने व्यवस्थित थांबवली होती. पण इन्स्पेक्टर "घ्या इकडं" म्हणाले आणि इकडं म्हणजे कुठे हे तिला कळलं नाही.

पोलिसांनी थांबवलं तर?

ऑटिस्टिक माणूस घाबरला की नजर टाळतो, उत्तर उशिरा देतो, हात हलवत राहतो. ते बघून तो प्यायलेला आहे किंवा काही लपवतोय, असा समज होऊ शकतो. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याने २०२० पासून यासाठी निळा लिफाफा सुरू केला. गाडीची कागदपत्रं त्यात ठेवायची; चालकाने काय करावं आणि पोलिसांनी काय ध्यानात घ्यावं, हे लिफाफ्यावरच छापलेलं असतं. पुढे इतर राज्यांनीही तो उचलला. आपण घरी एक मराठी कार्ड करू शकतो. भाचीच्या गाडीत उन्हाच्या झडपेला ते लावलेलं आहे: "मी ऑटिस्टिक आहे. मला उत्तर द्यायला थोडा वेळ लागतो. कृपया हळू आणि एकेक प्रश्न विचारा. कागदपत्रं डाव्या खणात आहेत." खाली ताईचा नंबर.

सगळ्यांनाच जमतं का?

नाही. काहींना अंतराचा आणि वेगाचा अंदाजच येत नाही. काहींना अचानक मोठा आवाज झाला की भान राहत नाही. अशा वेळी आधी सायकल, मग मोकळ्या मैदानात स्कूटर, असं एकेक पाऊल टाकून बघावं आणि जिथे अडेल तिथे थांबावं. एकट्याने एसटीने जाऊन परत येणं, हेही तितकंच मोठं शिक्षण आहे; ते जमत असेल तर गाडीवाचून कुणाचं अडत नाही. आणि ज्याला स्वतःलाच नको आहे, त्याला इतरांच्या हौसेखातर स्टिअरिंगमागे बसवू नका.

भाची आता एकवीसची आहे. घर ते ऑफिस सात किलोमीटर आहे. वाटेत एका मोठ्या चौकात उजवीकडे वळावं लागतं आणि तिथला सिग्नल बहुतेक वेळा पिवळा लुकलुकत असतो. ती त्या चौकात वळत नाही. सरळ पुढे जाते, पुढच्या तीन गल्ल्यांतून डावीकडे, डावीकडे, डावीकडे वळते आणि हवा तो रस्ता पकडते. मीटरवर नऊ किलोमीटर पडतात. पेट्रोलचा हिशोब तिने वहीत मांडून ठेवला आहे.